तळघरात बॉयलर उतरवताना

अमेरिकेच्या ईशान्य भागात, बॉस्टनपासून न्यू जर्सीपर्यंतच्या पट्ट्यात, शंभरी ओलांडलेली असंख्य घरं आजही बॉयलरवर तापतात. तळघरात बिडाचा बॉयलर, त्यातून वाफ किंवा गरम पाणी वर नेणारे नळ आणि खोलीखोलीत खिडकीखाली बसवलेले जड रेडिएटर, अशी ही व्यवस्था. न्यू जर्सीत किंवा बॉस्टनच्या आसपास जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांची या यंत्राशी पहिली खरी ओळख बहुधा ते बंद पडतं तेव्हाच होते. बाहेर बर्फ पडत असतो, प्लंबर तळघरातून वर येतो आणि सांगतो, ‘सेक्शन तडकलाय, नवा घ्यावा लागेल.’

नवा घ्यायचा म्हटल्यावर चौकशी सुरू होते ती किमतीची, किती बीटीयूचा, म्हणजे किती उष्णता देणारा घ्यावा याची आणि गॅस किती वाचेल याची. हे प्रश्न रास्तच आहेत. पण त्या आधीचा एक प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत: हा बॉयलर खाली जाणार कुठून? माझं ठाम मत आहे की बॉयलर निवडण्याआधी टेप घेऊन जिना मोजावा. यंत्र आधी ठरवलं आणि वाट नंतर पाहिली, तर दीड-दोनशे किलोचं बीड स्वयंपाकघरात उभं राहतं आणि त्याला पुढेही नेता येत नाही, मागेही.

बॉयलर तळघरात ठेवायचा प्रघात नुसता जागा वाचवण्यासाठी पडलेला नाही. वाफ आपोआप वर चढते, रेडिएटरमध्ये निवते, तिचं पाणी होतं आणि ते पाणी नळांच्या उतारावरून, पंपाशिवाय, बॉयलरकडे परत येतं. हे चक्र चालण्यासाठी बॉयलर सगळ्यांत खाली असावा लागतो. एकनळी वाफ-पद्धतीत बॉयलरमधली पाण्याची पातळी आणि वाफेच्या मुख्य नळाचं सर्वांत खालचं टोक यांच्यात निदान २८ इंच उभं अंतर ठेवायचा जुना दंडक आहे. या अंतरात उभ्या राहणाऱ्या पाण्याच्या वजनामुळेच परतीचं पाणी बॉयलरमध्ये ढकललं जातं. त्यामुळे वाफेच्या घरात नवा बॉयलर वर गॅरेजमध्ये बसवता येत नाही. तळघरात पूर येतो म्हणून त्याला हवा तितका उंच ओटा बांधून देणंही जमत नाही.

‘जुना आत गेला होता, म्हणजे नवाही जाईल,’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. तो फसवा आहे. जुना बॉयलर आत गेला तेव्हा कदाचित जिना बंदिस्त नव्हता, तळघरात भिंती नव्हत्या, बाहेरून कोळसा टाकायची वाट मोठी होती. पुढे कोणी जिन्याला प्लास्टरबोर्ड मारला, कोणी वळणावर कपाट केलं, कोणी खाली न्हाणीघर बांधलं. मुख्य म्हणजे जुना बॉयलर अखंड आत गेलाच नव्हता. बिडाचा बॉयलर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पावाच्या कापांसारखा सुट्या सेक्शनांचा बनत आला आहे. ते सेक्शन एकेक करून खाली नेले गेले आणि जागेवर जोडले गेले.

आता वाट कशी मोजायची ते पाहू. सुरुवात रस्त्यावरून करायची, जिन्यावरून नाही. ट्रक कुठे थांबेल, फुटपाथपासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, अंगणात माती ओली असते का, हे आधी बघावं. न्यू इंग्लंडमधल्या पुष्कळ घरांना मागच्या बाजूनं तळघरात थेट उतरणारी बाहेरची वाट असते. जमिनीलगत तिरपी दोन पाखं, ती उघडली की खाली दगडी किंवा काँक्रीटच्या पायऱ्या. तिकडे या दाराला ‘बल्कहेड’ म्हणतात. त्याचे पोलादी नमुने बनवणाऱ्या कनेटिकटच्या कंपनीवरून अनेक जण त्याला सरळ ‘बिल्को’च म्हणतात. ही वाट असली तर तीच पहिली निवड. मात्र तिथे दोन दारं असतात हे विसरू नये. वरची तिरपी पाखं ऐसपैस असतात, पण पायऱ्यांच्या तळाशी पायाच्या भिंतीत असलेलं आतलं दार पुष्कळदा ठेंगणं आणि अरुंद निघतं. न्यूयॉर्कच्या एकमेकींना चिकटलेल्या ब्राउनस्टोन घरांत मागच्या अंगणात जायचा रस्ताच घरातून असतो. तिथे दर्शनी पायऱ्यांखालचं दार हाच आधार.

प्रत्येक दारापाशी लाकडी चौकट नव्हे, तर मोकळं अंतर मोजायचं. ‘३० इंची दार’ म्हणजे पाखं ३० इंचांचं. ते काटकोनात उघडं ठेवलं तरी पाख्याची जाडी आणि चौकटीची पट्टी मिळून दीड-दोन इंच खातात. दार बिजागरीतून काढलं की त्यातलं बरंचसं परत मिळतं. चौकटीची आतली पट्टी उचकटली तर आणखी थोडं. याहून जास्त हवं असेल तर चौकटच काढावी लागते. हे सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ते आधी ठरवून केलं तर त्यात अवघड काही नाही.

खरी अडचण वळणावर येते. जुन्या घरांत अरुंद बोळातून दार उघडतं आणि काटकोनात लगेच जिना सुरू होतो, मध्ये चौक नसतो. बोळ आणि जिना दोन्ही ३६ इंच रुंद धरा. आतल्या कोपऱ्यापासून समोरच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरपं अंतर साधारण ५१ इंच भरतं. त्यातून यंत्राची रुंदी, समजा २४ इंच, वजा केली की २७ उरतात. त्याची दुप्पट, म्हणजे ५४ इंच, ही त्या वळणावरून फिरू शकणाऱ्या २४ इंच रुंद वस्तूची कमाल लांबी. हाच हिशोब ३० इंची बोळाला लावा: तिरपं अंतर जेमतेम ४२ इंच, वजा २४, उरले १८, आणि कमाल लांबी ३६-३७ इंच. बोळ सहाच इंचांनी अरुंद झाला, पण लांबी तब्बल १७ इंचांनी घटली. म्हणून ‘थोडं तिरपं करून जाईल’ या भरवशावर वळण सोडू नये. कागदावरचा हिशोब पटत नसेल तर बॉयलरच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करावा आणि तोच आधी खाली नेऊन बघावा. हा उपाय फुकट आहे आणि तो कधी खोटं बोलत नाही.

सपाट वळणावर बॉयलर उभाच ठेवून फिरवतात, म्हणून तिथे त्याचा तळ महत्त्वाचा. पायऱ्यांवर मात्र तो तिरपा होतो आणि तिथे उंची आणि डोक्यावरची जागा आडवी येते. आजच्या अमेरिकी निवासी नियमांत नव्या जिन्याची रुंदी किमान ३६ इंच आणि पायरीच्या कडेपासून वरच्या छतापर्यंतची उंची किमान ६ फूट ८ इंच लागते. पण जुने तळघराचे जिने हे नियम येण्याआधीचे. तिथे ६ फूट मिळाले तरी पुष्कळ. शिवाय ही उंची उभी मोजलेली असते. यंत्र जिन्याच्या उताराला समांतर झुकून खाली सरकतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला उताराला काटकोनातलं अंतर येतं, आणि ते कमी असतं. ४० अंशांच्या उतारावर ७२ इंची उभ्या उंचीतले काटकोनात ५५ इंचच उरतात. गाडीवर मागे रेलून झोपवलेला बॉयलर त्यातून सहज जातो. तोच पुरेसा झुकवला नाही, तर वरचं टोक जिन्यावरच्या आडव्या तुळईला धडकतं, आणि तेही अर्धं वजन पहिल्या पायरीवरून सुटलेलं असताना. ही तुळई नेमकी कितव्या पायरीवर येते ते खडूनं पायरीवर लिहून ठेवावं.

एवढी मापं हातात आली की मग कॅटलॉग उघडायचा. त्यातली मापं पत्र्याच्या वेष्टणासह दिलेली असतात. खोका त्याहून मोठा असतो, आणि नळांची तोंडं, गॅसचा व्हॉल्व्ह, धुराचा गळा ही सगळी बाहेर डोकावतात. पत्र्याचं वेष्टण, बर्नर आणि पंप उतरवले की रुंदी चार-सहा इंचांनी कमी होते, वजनही हलकं होतं. उत्पादकाच्या पुस्तिकेत काय काढायला परवानगी आहे ते वाचून घ्यावं. काढलेल्या प्रत्येक भागाचा फोटो घ्यावा, स्क्रू वेगळ्या डब्यांत ठेवावेत.

इथे एक दिलासा मिळतो. नवा बॉयलर बहुधा जुन्याहून लहान लागतो. जुने बॉयलर कोळशाच्या काळात ऐसपैस मापानं बसवले गेले आणि पुढे त्यांत तेलाचा किंवा गॅसचा बर्नर घातला गेला. बॉयलरवरची पाटी वाचून तेवढ्याच ताकदीचा नवा मागवणं ही आळशी पद्धत झाली. गरम पाण्याच्या घरात भिंती, खिडक्या, छत यांतून किती उष्णता निसटते याचा हिशोब करतात. वाफेच्या घरात रेडिएटर मोजतात: प्रत्येकाचं तापणारं क्षेत्रफळ चौरस फुटांत काढून त्याला ताशी २४० बीटीयूनं गुणायचं. डॅन होलोहान यांनी १९९२ साली ‘द लॉस्ट आर्ट ऑफ स्टीम हीटिंग’ हे पुस्तक लिहून हे विसरलेलं ज्ञान कारागिरांपर्यंत पुन्हा पोहोचवलं. रेडिएटर नीट मोजले आणि पाच सेक्शनांच्या जागी चार पुरले, तर जिन्यातला निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. गॅस वाचतो तो वेगळाच.

तरीही अखंड बॉयलर जात नसेल तर सुटा मागवावा. बिडाचे बरेच बॉयलर दोन रूपांत मिळतात: कारखान्यात जोडून आलेले आणि जागेवर जोडायचे. दुसऱ्या प्रकाराला मजुरी जास्त पडते, म्हणून प्लंबर तो आपणहून सुचवेलच असं नाही. विचारून घ्यावं. घरगुती जोडीव बॉयलर साधारण १५० ते ३०० किलोंच्या घरात असतो, तर सुटा सेक्शन दोन माणसं उचलून जिना उतरू शकतात.

हे जोडकाम जवळून पाहण्यासारखं असतं. प्रत्येक सेक्शनला वर आणि खाली गोल भोकं असतात. दोन सेक्शनांमध्ये पाणी जावं म्हणून त्या भोकांत पिंपासारखं, दोन्ही टोकांना किंचित निमुळतं असं लोखंडी कडं बसतं. त्याला निपल म्हणतात. आधी भोकाची कड कापडानं आणि बारीक सँडपेपरनं चकचकीत करायची. बोटानं चाचपून पाहायचं, खडा किंवा ओरखडा लागला तर थांबायचं. मग सोबत आलेलं वंगण लावून निपल सरळ ठेवायचं आणि त्यावर लाकडाचा ठोकळा धरून हलके ठोके देत बसवायचं. हातोडी थेट मारली तर कड चेपते आणि तो सांधा कायमचा गळका होतो. दुसरा सेक्शन त्यावर टेकवून आरपार जाणारे लांब रॉड पान्यानं आवळायचे. वरचा थोडा, खालचा थोडा, पुन्हा वरचा. एका बाजूनं ओढलं की निपल तिरकं शिरतं. सेक्शनांच्या कडांना अग्निरोधक दोरी किंवा भट्टीचं सिमेंट लावतात, म्हणजे धूर सांध्यातून तळघरात येत नाही. काही उत्पादक लोखंडी निपलऐवजी रबरी गॅस्केट देतात. तिथे बीड तेलकट राहू न देणं हेच मुख्य पथ्य. जोडून झाल्यावर वेष्टण चढवण्याआधीच पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यायची. दर चौरस इंचाला ३० पाउंड दाबाच्या बॉयलरला ती ४५ पाउंडांवर, म्हणजे दीडपट दाबावर घेतात. गळती याच वेळी सापडली तर दोन तास जातात. नळ, वायरी आणि धुराडं जोडून झाल्यावर सापडली तर सगळं पुन्हा उकलावं लागतं.

जुना बाहेर काढणं हे नव्याला आत आणण्याइतकंच मोठं काम आहे, आणि त्यात एक धोका आहे जो डोळ्यांना साधा दिसतो. जुन्या बॉयलरवर आणि नळांवर पांढरट, प्लास्टरसारखा थर असेल तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. त्याला हात लावायचा नाही, खरवडायचा नाही, झाडूही फिरवायचा नाही. आधी नमुना तपासून घ्यायचा आणि तो निघालाच तर परवाना असलेल्या लोकांकडूनच काढून घ्यायचा. पैसे वाचवण्यासाठी या पायरीवर डोळेझाक करणाऱ्या घरमालकाला मी कधीच साथ देणार नाही. त्याचे तंतू फुप्फुसात जातात आणि आजार कित्येक वर्षांनी उगवतो. हे निस्तरलं, वीज आणि इंधन बंद केलं, पाणी काढून टाकलं की पुढचं काम घणाचं. बीड कणखर पण ठिसूळ असतं. रॉड कापून सेक्शन पाचरीनं विलग करतात, आणि जे सुटत नाहीत ते फोडून तुकड्यांत वर नेतात. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत जाड मोजे नसतील तर कोणी जवळ उभं राहू नये. तुकड्यांच्या कडा काचेसारख्या धारदार असतात.

आता प्रत्यक्ष उतरवणं. चाळीच्या जिन्यावरून लोखंडी कपाट चढवताना चार जण वाकून, ओरडत, पायरीपायरीनं निभावून नेतात, कारण कपाट रिकामं असतं. बॉयलरचं तसं नाही. त्याचं सगळं वजन छोट्याशा ठोकळ्यात एकवटलेलं असतं आणि धरायला धड मूठही नसते. २२० किलोचा बॉयलर ४० अंशांच्या जिन्यावर ठेवला तर उताराच्या दिशेनं तो सुमारे १४० किलोंचा जोर लावतो. घर्षण त्यातलं काही पेलतं, बाकीचं माणसांनी पेलायचं. म्हणून हे बळ दंडावर घ्यायचंच नाही, दोरावर घ्यायचं.

पहिली गोष्ट म्हणजे जिन्याचीच तब्येत. बॉयलर, गाडी आणि दोन माणसं मिळून ४०० किलोंच्या आसपास भार दोन-तीन पायऱ्यांवर येतो, आणि त्या पायऱ्या कधीकाळच्या पाइनच्या. खालून बाजूच्या फळ्यांना टेकू द्यावेत, सैल खिळे ठोकून घ्यावेत, तळाशी वाळवी किंवा ओल आहे का ते स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावं. मग पायऱ्यांवर दोन जाड फळ्या अंथरून उतार करतात आणि बॉयलर त्याच्या लाकडी पाटावर बांधून सरकवतात, नाहीतर पायऱ्यांसाठी बनवलेल्या गाडीवर पट्ट्यानं आवळून एकेक पायरी उतरवतात. विजेवर चालणारी, पायरीगणिक वजन स्वतः पेलणारी गाडीही भाड्यानं मिळते. वजन जास्त असेल तर ते भाडं सार्थकी लागतं.

दोर कशाला बांधायचा हा कळीचा प्रश्न. जिन्याच्या कठड्याचा खांब दिसतो मजबूत, पण तो चार खिळ्यांवर उभा असतो. रेडिएटरच्या नळाला तर कधीच बांधू नये. जाणते लोक समोरच्या खोलीच्या दाराच्या चौकटीमागे चौरस जाड लाकूड आडवं लावतात, म्हणजे ओढ दोन्ही बाजूंच्या भिंतीच्या खांबांवर विभागते. त्या लाकडाला दोराचे दोन-तीन वेढे दिले की घर्षणच बहुतेक भार धरतं आणि एक माणूस दोर बोटाबोटानं सोडू शकतो. हाताच्या चरखीनं तर आणखी निवांत. सूचना एकानंच द्यायच्या, आणि त्यानं ‘थांब’ म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. यंत्राच्या थेट खाली, त्याच्या पडण्याच्या रेषेत, कोणीही उभं राहायचं नाही. वाट दाखवणाऱ्यानं बाजूला किंवा जिन्यापासून दूर उभं राहावं. सुटलेला बॉयलर माणसाला थांबवता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये.

खाली पोहोचल्यावर लोखंडी नळांचे तीन-चार तुकडे रूळ म्हणून पाटाखाली घालून तो जागेवर नेतात. ठेवण्याआधी एक नियम ध्यानात घ्यायचा. अमेरिकी निवासी संहितेनुसार तळघरातल्या यंत्रापर्यंत किमान २४ इंच रुंद आणि तिथलं सर्वांत मोठं यंत्र बाहेर काढता येईल एवढी मोकळी वाट ठेवावी लागते, शिवाय यंत्रापुढे ३० इंच सपाट जागा. म्हणजे हा बॉयलर म्हातारा होऊन बाहेर जाईल त्या दिवसाचीही सोय आजच करायची. तळघरात नवी खोली काढायची स्वप्नं पाहणाऱ्यांनी हे माप भिंत उभारण्याआधी पाहावं.

एवढी यातायात टाळून भिंतीवर टांगायचा, ५० किलोंच्या आसपासचा कंडेन्सिंग बॉयलर का घेऊ नये? घर गरम पाण्यावर चालत असेल तर जरूर विचार करावा. तो एका खेपेत खाली जातो आणि ९० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमता देतो, अर्थात परतीचं पाणी सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं तरच त्याचा पुरता लाभ मिळतो. वाफेच्या घराला मात्र तो चालत नाही, तिथे बहुधा बीडच लागतं. आणखी एक गोष्ट हमखास निसटते. हा बॉयलर आपला धूर प्लास्टिकच्या नळीतून भिंतीबाहेर सोडतो, आणि जुन्या रुंद धुराड्यावर एकटा गॅसचा गीझर उरतो. त्याच्या जेमतेम उष्ण धुरानं ते थंड धुराडं तापत नाही, धूर नीट वर ओढला जात नाही, ओल धरते, आणि वायू घरात परतायची भीती असते. त्या धुराड्यात योग्य मापाची पोलादी नळी घालायचा खर्च अंदाजपत्रकात आहे का ते सही करण्याआधी पाहावं. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र तर प्रत्येक मजल्यावर असायलाच हवं.

वाफेचा बॉयलर पेटल्यावरही काम उरतंच. सेक्शनांमधलं आणि नळांच्या आट्यांमधलं तेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पाणी फेसाळतं आणि वाफेबरोबर नळांत उसळतं. म्हणून पाणी उकळीच्या खाली, गरम ठेवून वरच्या तोंडातून पेन्सिलएवढ्या बारीक धारेनं वाहू देतात. वरचा तवंग त्या धारेबरोबर निघून जातो. याला काही तास लागतात, पुष्कळदा आठवडाभर चालवल्यावर ते पुन्हा करावं लागतं. ही दुसरी फेरी कराराच्या कागदावर लिहून घ्यावी. काचेच्या नळीतली पाण्याची रेषा स्थिर राहिली, नळांत धडधड ऐकू आली नाही आणि सर्वांत दूरचा रेडिएटर शेवटच्या कप्प्यापर्यंत तापला, की मगच शेवटचा हप्ता द्यावा.